मेलेल्या फ्रीजची ऊब

शपथ वाहू नये असं शास्त्रात हाय, आन आमच्या चर्चचे पाळकसाहेब महिन्यातून एका रविवारी माझ्याकडं बघूनच ते सांगतात. म्हनून मी चोरून शपथ घेत न्हाई. घ्यायचीच तर समोरच्या डोंगराला ऐकू जाईल अशी घेते. तर ऐका पोरींनो. माझे उरलेले अकरा दात, माझी तांबडी कोंबडी आन माझा मेलेला फ्रीज, तिघांची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा हाय. या म्हातारीला वाढवून सांगायची खोड हाय असं गावात कोन म्हनत आसंल, तर त्याला माझ्यासमोर आना.

गोष्ट माझ्या नातीची, दयाची. आईबाप पुन्याला कामाला, ही माझ्याजवळ. संगमनेरला आयटीआय केलं आन खाली राजूरच्या बाजारात दुकान टाकलं. फ्रीज, मिक्सर, पंखा, काय बी आना, नीट करून देती. केसांत गजरा घालायच्या वयात ही स्क्रूड्रायव्हर खोवून फिरती. बघायला आलेल्या तिघांना तिनं मिक्सर दुरुस्त करून परत धाडलं. मी म्हनायचे, "दये, मान्सं बी कधी चालू करून बघ." ती म्हनायची, "आजी, वॉरंटी न्हाई त्यांची."

त्या डिसेंबरात थंडी अशी पडली, की आमच्या कोंबड्यानं पहाटं बांग दिली ती हवेतच गोठली, आन साडेनवाला ऊन चढल्यावर ऐकू आली. हसू नका. मी भाकरी थापत हुते, तवा ऐकली.

आमच्या वाडीत सकाळचं पयलं ऊन येतं ते आमच्या घराच्या भितीवर. समोरच्या डोंगराला एक खाच हाय, तिच्यातून नेमकं उतरतं. त्या दिवशी दया दुकानाला निघाली, आन बघती तर भितीकडंला लाकडाच्या आठ पेट्या ओळीनं मांडलेल्या. वर मच्छरदानीचं कापड. आन शेजारी घोंगडी पांघरून एक बाप्या — डोळे मिटलेले, तोंड उनाकडं.

"हे काय चाललंय?" दयानं इचारलं.

त्यानं एक डोळा उघडला. "ऊन खातोय."

"ते दिसतंय. आन पेट्या?"

"त्या बी ऊन खात्यात."

"हे ऊन आमचं हाय."

"उनाचा सातबारा हाय का?"

"सातबारा न्हाई, पन आजी हाय. पेट्यांसकट उचलून ओढ्यात टाकील."

"व्हय, टाकीन," मी आतून सांगितलं.

तसा तो चटकन उठला. आन उठल्यावर त्यानं दयाकडं नीट बघितलं... आन पुढचं काय बोलायचं हुतं ते इसरला. मी दारातून बघत हुते ना. घोंगडी खांद्यावरून घसरून पायात पडली तरी त्याला कळलं न्हाई.

"दुपारपत्तोर... फकस्त," तो म्हनाला. "या वाडीत आठ वाजता ऊन दुसरीकडं कुठंच न्हाई. मी सगळ्या भिती हिंडून बघितल्या."

नाव नॅथन. पारनेरकडचा. ते नाव माझ्या दातांच्या फटीत अडकतं, म्हनून मी त्याला नाथा म्हनते. त्याचा धंदा मधमाशांचा. खुरासणीला, म्हंजे कारळ्याला, फूल आलं, तवापासून त्याच्या पेट्या पलीकडच्या उतारावर हुत्या. पेटीत खाली रानी आन पिल्लं, आन वर मधाचा मजला. त्या मजल्याला तो सुपर म्हनायचा. असे चोवीस सुपर भरले, भितीकडंचे आठ त्यातलेच, आन नेमकी थंडी पडली. खुरासणीचा मध आधीच हट्टी, गारठा लागला की तुपावानी थिजतो.

त्यानं एक चौकट काढून दयाच्या हातात दिली. तिनं बोट टेकवलं. मधाचा नुसता रवा.

"यंत्रात घालून गरागरा फिरवतो," तो म्हनाला, "पन जशी घातली तशीच बाहेर येती. हात गळून गेले माझे."

"मंग चुलीवर तापवा की."

"मेन वितळंल." त्याचा आवाज एकदम हळू झाला. "ही घरं त्यांनी महिनाभर राबून बांधल्यात. मध सुटला पायजे, पन घर मोडता कामा नये. मान्साच्या अंगाला असती ना, तेवढीच ऊब पायजे. अडतीस."

"अडतीस म्हनजे ताप," दया म्हनली.

"बारीक ताप," तो म्हनाला. "मोठ्या तापानं सगळं बिघडतं."

दयाचं बोट अजून त्या मधावरच. मंग तिची मान हळूच वळली — पडवीतल्या माझ्या फ्रीजकडं.

तो फ्रीज वरसापूर्वी मेला हुता. दयानंच सांगितलं हुतं, आजी, ह्याचा जीव गेला. तवापासून त्यात मी लुगडी, शेवंचा डबा आन माझं गायनाचं पुस्तक ठेवत हुते. उंदीर शिरत न्हाई, लई झ्याक कपाट.

"आजी..." दया म्हनली.

"न्हाई," मी म्हनले.

"जो गारवा धरून ठेवतो, तो ऊब बी धरून ठेवतो गं."

"माझी शेव कुठं जाईल?"

नाथा माझ्यापुढं येऊन वाकला. "आजी, रोज एक चमचा मध. पयला तुमाला."

आता मी काय लोभी हाय का? पन पोराचे डोळे तसलेच हुते — मधाच्याच रंगाचे. मी शेव बाहेर काढली.

*

दुपारी त्यांनी फ्रीज उघडा केला. आतले कप्पे काढले, लाकडाच्या पट्ट्या ठोकल्या, त्यावर तीन सुपर एकावर एक बसले. तळाला दोन मोठे बल्ब. दयाकडं अंडी उबवायची पेटी हुती, तिच्यातला आकड्यांचा डबा काढून तिनं फ्रीजच्या बाहेरून बसवला. आत किती ऊब हाय ते त्यावर लाल आकड्यांत दिसतं. आकडा लावून ठेवला, की तेवढी ऊब झाल्यावर बल्ब आपोआप इझतो.

नाथा नुसता पक्कड धरून उभा. ती वायर सोलायची, आन तो वायरीकडं सोडून सगळीकडं बघायचा.

"पक्कड द्या."

तो द्यायचा.

"ही पक्कड न्हाई, हा चिमटा हाय."

"सॉरी... तुमच्या केसात काय तरी हाय."

"स्क्रूड्रायव्हर."

"तो न्हाई. माशी."

खरंच माशी हुती. दया हलली न्हाई. नाथानं बोट पुढं केलं, माशी त्याच्या बोटावर चढली, आन तिनं — हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं — दयाकडं वळून मान लववली. सुनंनं सासूला लवावी तशी.

पन पयला डाव फसला. आकड्यांच्या डब्याची ऊब मोजायची तार दयानं खाली तळाशी सोडलेली, अंड्यांच्या पेटीत असती तशी. अंडी एकाच थरात ठेवत्यात, तिथं चालतं. हितं तीन मजले. तळाला फरशीचा गारठा, म्हनून डबा म्हनायचा अजून अडतीस न्हाई, अजून तापव. आन ऊब सगळी वर. संध्याकाळी धप्प असा आवाज झाला. दार उघडलं तर वरच्या मजल्यातल्या दोन चौकटी मऊ होऊन वाकलेल्या, मध ठिबकत खाली, आन एक बल्ब फुटलेला. त्या वासानं अकोले तालुक्यातल्या सगळ्या मुंग्या आमच्या दारात आल्या. राजूरच्या मुंग्या पुढं, भंडारदऱ्याच्या मागं, अशी रांग.

दया खाली बसली. तोंड एवढंसं. "तुमचं घर मोडलं मी."

"माझं न्हाई, माशांचं," नाथा तिच्याशेजारी बसला. "त्या परत बांधत्यात. त्यांना राग धरून ठेवता येत न्हाई, वेळच नसतो." मंग त्यानं एक वाकलेली चौकट उचलली, मेनासकट मधाचा तुकडा मोडला, आन तिच्या तळहातावर ठेवला. "चुकीची चव बघा की."

तिनं खाल्ला. त्यानं खाल्ला. माझा चमचा त्या दिवशी दोघांना बी आठवला न्हाई.

दुसऱ्या दिवशी दयानं बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा बारका पंखा आत बसवला, म्हंजे ऊब वर-खाली फिरती राहील. बल्बवर पत्र्याचं छप्पर घातलं. तार वरच्या मजल्याशी नेली. लाल आकडा अडतीसवर येऊन थांबला. दोन दिसांनी नाथानं यंत्राचा दांडा फिरवला, आन तोटीतून मध पडला... काळपट सोनेरी, लांब न तुटनारी धार. दयानं त्याखाली हात धरला. "कोमट हाय," ती म्हनली. एवढंच. पन असं म्हनली, की मला माझं पातेलं आत ठेवायचं निमित्त काढून उठावं लागलं.

*

तीन सुपरला दोन दिवस, म्हंजे चोवीसला सोळा. नाताळाच्या आत नाथा मोकळा हुनार. सुपर रिकामे झाल्याशिवाय त्याला पुढं जाता येत न्हाई, कारन पुढच्या फुलाला तेच लागत्यात. बीडकडं धन्याच्या कोथिंबिरीला फूल येनार, मंग लातूरला सूर्यफूल, मंग कांद्याचं बी.

एकदा दयानं सोल्डरिंग करता करता इचारलं, "तुमचा पत्ता काय?"

"जे फुललंय ते."

"आन फुलं संपली की?"

"मंग मी बी निघतो." तो हसला, पन अर्धंच. "आई म्हनती, तुला टपालानं आवतन धाडायचं तर कुठल्या झाडावर धाडू?"

"कोनी एका जागी थांबवलं न्हाई कधी?"

त्यानं वायरीचा तुकडा बोटाला गुंडाळला. "थांब असं... कोनी म्हनलंच न्हाई कधी."

दयाच्या हातातला तापलेला लोखंडी टाक तसाच हवेत. तिच्या ओठांवर शब्द आल्ता, मी बघितला. पन आमच्या घरातल्या बायका अशाच, तोंडानं जग फिरवतील, आन जे मागायचं ते गिळतील. मी बी तिच्या आज्याला कधी थांबा म्हनले न्हाई. गेला त्या सकाळी बी न्हाई.

आन पोरींनो, तिसऱ्या खेपंपासून काय तरी इपरीत झालं. मध सुटंना. दोन दिवस झाले, तीन झाले, चौथ्या दिवशी कुठं धार लागली. पुढच्या खेपंला पाच दिवस. नाथा डोकं खाजवायचा. दया म्हनायची, "व्होल्टेज कमी हाय." वाडीतले सगळे म्हनले, व्हय, व्होल्टेज कमीच हाय, कारन व्होल्टेज कायमच कमी असतं.

पन माझ्या गुडघ्यांना कोन फसवनार? मी रोज दिवेलागनीला त्या फ्रीजच्या दाराला गुडघे टेकून बसायचे. दाराच्या फटीतून अशी झ्याक ऊब यायची. ती यायची बंद झाली. मी डोळे बारीक करून बघितलं. नाथा सांजचा त्याच्या पेट्यांकडं गेला, की दया येती, इकडं-तिकडं बघती, आन आकडा खाली करती. अठ्ठावीस. सकाळी तो यायच्या आत परत अडतीस.

मी बोलले न्हाई. मला मध आवडतो.

मंग एक दिवस दया अकोल्याला मोठ्या कामाला गेली आन तिथंच मैत्रिनीकडं राहिली. आकडा अडतीसवरच. मी म्हनले, संपलं, आता सुटतोय मध. फटफटायच्या वेळी मी पडवीत आले, तर नाथा. तोंडातून वाफ निघतीय, आन हातानं फ्रीजचं दार उघडं धरून उभा.

"काय रं नाथा?"

तो दचकला. "हवा... हवा खेळू द्यावी लागती, आजी."

"थंडीत?"

"थंडीतच जास्त."

मी पुढं गेले. चूल पेटवली. एवढी हसले, की चुलीला फुंकायची गरज पडली न्हाई.

*

पन हसू टिकलं न्हाई. नाताळ होऊन गेला. एका सकाळी दया भाकरी घेऊन नाथाच्या पेट्यांकडं गेली. तो ओढ्यावर पानी आनायला गेल्ता. पेट्यांच्या दारापुढं माशा पडलेल्या. दहा-वीस न्हाई, जमिनीचा रंग बदललेला. खुरासणी कवाच कापून गेली हुती. डोंगरात एक फूल न्हाई. साखरेच्या पान्याच्या वाट्या मांडलेल्या हुत्या, पन गारठ्यात त्या वाटीपत्तोर येईनात.

दयानं एक माशी तळहातावर घेतली. जित्ती हुती, पन पंख हलंना. तिनं ती तोंडाजवळ नेऊन फुंकर घातली... तीच, अडतीसची. माशी जराशी हलली, आन मंग न्हाई हलली.

ती घरी आली ती तडक पडवीत. आकडा अडतीसवर लावला. मंग आपल्या गळ्यातली पिवळी ओढनी काढली, आन फ्रीजच्या दाराभवती गुंडाळून अशी गाठ मारली, की बैलाला बी सुटू नये. दाराला पाठ लावून बसली.

"काय झालं गं?" मी इचारलं.

"आजी, भुकेल्या जीवांना मी अडवून ठेवलं." एवढंच बोलली.

मी तिला जवळ घेतलं न्हाई. घेतलं असतं तर ती रडली असती, आन तिला रडायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फटफटताना नाथा आला. हात दाराकडं गेला, आन ओढनीला लागला. तो तसाच थांबला. दया आतून बाहेर आली.

"उघडू नका," ती म्हनली. "त्यांना भूक लागलीय."

तो खाली मान घालून उभा. "तुमाला... कवा कळलं? मी दार उघडतो ते?"

"अकोल्याहून आले त्या दिवशी. पंख्यावर दव हुतं. आन तुमाला?"

"पयल्याच दिवशी. मी पहाटं आल्तो, आकडा अठ्ठावीस. वाटलं, यंत्र बिघडलं. दुसऱ्या दिवशी बी अठ्ठावीस."

"मंग बोलला का न्हाई?"

"बिघडलेलं यंत्र बघायला वायरमन लागती. आन वायरमनच..." त्यानं ओढनीच्या गाठीकडं बघितलं. "लई बरं वाटलं हो. जल्मात पयल्यांदा कोन तरी मला थांब म्हनत हुतं. आकड्यात का हुईना. ज्या दिवशी तुमी नव्हता, त्या दिवशी आकडा अडतीस बघितला आन... वाटलं, तुमी मला जा म्हनताय. म्हनून मी दार उघडलं."

"मी थांब म्हननार न्हाई," दया म्हनली. "मला म्हनायचं हाय. पन मी म्हननार न्हाई. तुमी जावा. त्यांना फुलाकडं न्या."

"आन मी परत आलो तर?"

"तर हे ऊन तुमचं."

"सातबारा?"

"नाव लावून देते," ती म्हनली, आन डोळे पुसले.

त्यानं ती गाठ सोडवायला हात लावला न्हाई. नुसती बोटं ठेवली त्यावर. तिनं आपली बोटं त्याच्या बोटांशेजारी ठेवली. चिकटवली न्हाईत... मधी एक माशी बसंल एवढी जागा. त्या दोघांपेक्षा त्या जागेतच जास्त ऊब हुती, हे मी दारातून सांगू शकते.

चार दिवसांत मध निघाला. धार अशी पडली, जशी अडवलेलीच हुती. सांज झाली, माशा पेटीत शिरल्या, तवा टेम्पो आला. पेट्या चढल्या. नाथानं तेवीस सुपर मोजले आन चोवीसावा, भरलेला, फ्रीजमधीच ठेवला.

"हा काढू नका," तो दयाला म्हनाला. "बल्ब बंद करा. थिजू द्या. खुरासणी फुलली की मी येतो, मंग दोघं मिळून अडतीसवर लावू."

"आन न्हाई आला तर?"

"थिजलेला मध खराब हुत न्हाई, दया." तिला पयल्यांदा नुसतं दया म्हनाला. "तो थांबतो."

टेम्पो गेला. ओढनी मात्र आमच्या घरात सापडंना. मी शोधली बी न्हाई.

आता कवा तरी, कुठल्या तरी रानातल्या टेकाडावर रेंज आली की त्याचा फोटो येतो. धन्याचं पांढरं रान. सूर्यफुलाचं तोंड. कांद्याचे गोंडे. खाली काय लिहिलेलं नसतं. दया तो फोटो उघडून फोन दुकानात भितीवरच्या स्विचबोर्डाला टेकवून ठेवती आन दिवसभर काम करती.

आन मंग खुरासणी फुलली. सगळा उतार पिवळा. एका सकाळी आठ वाजता, भितीवर ऊन उतरताना, खालून टेम्पोचा हॉर्न वाजला — एक लांब, दोन तोकडे. दया केसात स्क्रूड्रायव्हर खोवून पडवीतून धावली. टेम्पोच्या आरशाला पिवळी ओढनी बांधलेली. तो उतरला, भितीला पाठ लावून उनात बसला आन म्हनाला, "सातबारा आनलाय का?" तिनं फ्रीजकडं जाऊन बटन दाबलं. लाल आकडे पेटले, आन एकेक करत वर चढू लागले...

तर पोरींनो, एवढीच गोष्ट. सगळी खरी.

बरं, हा एक तुकडा सोडून. टेम्पोचा. तो मी घातलाय. खुरासणी अजून चार पानांवर हाय. फुलायला दोन-अडीच महिने तरी लागतील. चोवीसावा सुपर अजून फ्रीजमधी थिजून बसलाय, आन माझी शेव बाहेर मऊ पडतीय.

मुंग्यांची रांग खरी. माशीनं मान लववली ते खरं. कोंबड्याची गोठलेली बांग तर खरीच. खोटा तेवढा एक टेम्पो. पन काय करू, रोज सांजला दया पडवीत कोनाचा तरी मिक्सर खोलून बसती, मी गोष्ट सांगायला लागते, आन तो हॉर्न आला की तिचे हात थांबत्यात. त्या थांबलेल्या हातांसाठी मी तो रोज वाजवते.